लपला, पण गेला नाही!

दोस्तांनो, संगणकावर एखादा अर्ज भरताना ही गंमत पाहिलीय का? 'शाळेच्या बसने येणार का?' यापुढे 'होय' निवडलं, की खाली 'बसथांबा कोणता?' हा रकाना टुणकन उगवतो. 'नाही' म्हटलं की गुडूप! ही करामत बहुतेक वेळा जावास्क्रिप्टची. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला, बरं का!

पण ही करामत कधीकधी अंगाशी येते. समजा, बसथांबा लिहिणं सक्तीचं आहे आणि तुम्ही 'नाही' निवडलंत. रकाना लपला, सक्ती मात्र तशीच राहिली! आता 'पाठवा' बटण कितीही दाबा, अर्ज जागचा हलत नाही. चूक दाखवायची, तर तो रकानाच दिसत नाही. आईबाबा पडद्याकडे बघत बसतात आणि प्रवेशाची मुदत टळते.

उलटही होतं. आधी 'होय' म्हणून थांबा लिहिला, मग बेत बदलला. रकाना लपला, पण लिहिलेला थांबा गुपचूप अर्जाबरोबर गेला!

यावर उपाय सोपा आहे. रकाना लपवताना तो बंदही करायचा. त्यासाठी 'डिसेबल्ड' ही खूण असते. बंद रकाना ब्राउझर तपासत नाही आणि पाठवतही नाही. दाखवताना मात्र ती खूण आठवणीने काढायची हं!

आणखी एक मेख आहे. जिन्यातल्या दिव्याला वर-खाली दोन बटणं असतात ना? नुसतं बटण बघून दिवा चालू की बंद, ते कळत नाही. 'आहे त्याच्या उलट कर' अशी आज्ञा दिली, की रकान्याचंही तसंच होतं. पान ताजं केल्यावर काही ब्राउझर जुनं 'होय' लक्षात ठेवतात, रकाना मात्र लपलेलाच! मग 'नाही' दाबलं की तो उगवतो.

म्हणून उलटापालट नकोच. एकच फंक्शन लिहा. त्याने आत्ताचं उत्तर बघायचं. 'होय' असेल तर रकाना दाखवून चालू करायचा, नाहीतर लपवून बंद करायचा. उत्तर बदललं की ते चालवा आणि पान पुरतं उघडल्यावरही चालवा.

अर्ज तयार झाला, की होय, नाही, पुन्हा होय असं करून बघा. पान ताजं करून बघा. आणि शेवटी 'नाही' ठेवून पाठवून बघा. तो सुटला, तर शाब्बास!