लाळेतली दुसरी रेघ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोली-वारणानगर पट्ट्यात मशेरी लावणाऱ्या बायका आजही भेटतात. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. हिरडी ठणकली की तीच आणखी चोळायची! डॉक्टर आठवतो तो दात हलायला लागल्यावर.

दात हलवणारा हिरड्यांचा हा आजार, म्हणजे पायोरिया, सुरुवातीला दुखत नाही, हीच त्याची लबाडी. दवाखान्यात खुणांची बारीक सळई दात-हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतात. 4 मिलिमीटर किंवा जास्त भरली तर शंका. पण ही मोजणी झालेल्या नुकसानीची. लाळ त्याआधी बोलू शकते. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी एमएमपी-8 नावाचं विकर सोडतात आणि ते दाताला धरून ठेवणारं कोलॅजेनच कापत सुटतं. हेलसिंकी विद्यापीठाचे टिमो सोर्सा यांच्या संशोधनातून या विकराची झटपट चाचणी आली. अर्धं मिनिट पाण्याची चूळ खळखळवून कपात टाकायची, गाळून काही थेंब पट्टीवर सोडायचे. पाचेक मिनिटांत, कोविडच्या पट्टीसारखी, दुसरी रेघ उमटली तर विकर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलंय.

कुठला दात, हे मात्र रेघ सांगत नाही. सळई आणि एक्स-रे काही सुटत नाहीत. मला या चाचणीचा खरा उपयोग दिसतो तो मधुमेहाच्या तपासणी शिबिरात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. दुसरी रेघ आलेल्यांना तिथूनच जवळच्या नवे पारगावच्या दंत महाविद्यालयाची चिठ्ठी देता येईल.