कर्नेलच्या दाराशी : लेखांक ८ : यंत्रात नसलेलं नेटवर्क कार्ड

गेल्या आठवड्यात आपण नेटलिंकचा, म्हणजे प्रोग्रॅम आणि कर्नेल यांच्यातल्या संवादमार्गाचा, संदेश उलगडून पाहिला. सुरुवातीला ठरावीक मथळा, मग एकामागून एक गुणधर्म. प्रत्येक गुणधर्माच्या तोंडाशी चार बाइट, त्यांतल्या दोनांत लांबी आणि दोनांत प्रकाराचा क्रमांक. हा साचा इतक्या बारकाईनं का पाहिला, ते आज कळेल. लिनक्स कर्नेलकडे आपल्याला असं नेटवर्क उपकरण मागायचं आहे, जे यंत्रात कुठेही बसवलेलं नाही.

खऱ्या कार्डाला कुणी मागावं लागत नाही. ते पीसीआयच्या खाचेत बसतं, कर्नेलला सापडतं, त्याचा ड्रायव्हर पुढे होतो आणि उपकरणाची नोंद करतो. व्हीलॅन, ब्रिज, टनेल ही मात्र निव्वळ सॉफ्टवेअरची उपकरणं. कुणी सांगेपर्यंत ती नसतातच. त्यामुळे कसं सांगायचं हे ठरवणं म्हणजे त्यांचा जन्म कसा व्हावा हे ठरवणं. इथे हात जपून चालवावा लागतो, कारण लिनस टोरवाल्ड्स यांनी सतत लावून धरलेला दंडक असा, की आज चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नेलवर मोडता कामा नये. कर्नेलच्या आतलं फंक्शन उद्या बदलता येतं, बाहेर दिलेला शब्द बदलता येत नाही.

२००७पर्यंत बहुतेक प्रकारांनी आपापली वाट पाडली होती. व्हीलॅन करायचा तर व्हीकॉन्फिग ही कमांड आणि तिच्यामागे व्हीलॅनचं खास आयओसीटीएल, म्हणजे ठरावीक रचना भरून कर्नेलला आदेश देणारा कॉल. ब्रिजसाठी बीआरसीटीएल आणि त्याचं वेगळं आयओसीटीएल. टनेलचं तिसरंच. बाँडिंगसाठी सिसएफएसमधल्या एका फाइलमध्ये नाव लिहायचं. डमी उपकरणं किती हवीत, हे तर मॉड्यूल लोड करतानाच सांगून टाकायचं, नंतर मत बदललं तर मॉड्यूल काढून पुन्हा घालायचं. यातली एकही रीत एकटी पाहिली तर चुकीची वाटत नाही. पण नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला दरवेळी नवं दार पाडावं लागे, आणि पाडलेलं प्रत्येक दार कायमचं उघडं ठेवावं लागे.

आयओसीटीएलची खरी अडचण त्याच्या पोटातल्या रचनेत आहे. ती छापील अर्जासारखी असते. जेवढे रकाने छापले तेवढेच भरता येतात, समासात लिहिलेलं कुणी वाचत नाही. व्हीलॅनच्या अर्जात कार्डाचं नाव आणि व्हीलॅनचा क्रमांक यांना जागा होती. पुढे इंटरनेट सेवा देणाऱ्यांना ग्राहकाच्या व्हीलॅनवर स्वतःचा आणखी एक टॅग चढवायचा होता. त्यासाठीचं ८०२.१एडी हे मानक वेगळा टॅग वापरतं, नेहमीच्या ८१००ऐवजी ८८ए८. हा पर्याय सांगायला त्या अर्जात रकानाच नव्हता. म्हणून व्हीकॉन्फिगच्या वाटेनं असा व्हीलॅन आजही करता येत नाही. त्यात भर म्हणजे अशा रचनेत पॉइंटर असला की ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या कर्नेलवर चालवताना तिचा आकारच जुळत नाही, आणि मध्ये दुभाषी कोड सांभाळावा लागतो.

२००७ साली पॅट्रिक मॅकहार्डी यांनी यावर जे काम केलं, ते २.६.२३ या आवृत्तीत आलं. त्यांची कल्पना सांगायला सोपी आहे. उपकरण मागणाऱ्या संदेशाचे दोन भाग करायचे. नाव, मॅक पत्ता, एमटीयू, खालचं खरं कार्ड कोणतं, हे सगळ्या उपकरणांना समान असलेलं सामान्य भागात. उरलेलं ‘लिंकइन्फो’ नावाच्या गुणधर्माच्या पोटात. त्यात आधी प्रकाराचं नाव, ‘व्हीलॅन’ किंवा ‘मॅकव्हीलॅन’ असं साध्या अक्षरांत, आणि मग फक्त त्या प्रकारालाच कळणारा खासगी मजकूर. ड्रायव्हर आपल्या प्रकाराचं नाव आणि काही फंक्शनं कर्नेलकडे नोंदवतो: मजकूर तपास, उपकरण घडव, बदल, मोड, आणि विचारल्यावर स्वतःची माहिती त्याच साच्यात लिहून दे.

मला या रचनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते मधल्या गाभ्याचं, म्हणजे संदेश ड्रायव्हरकडे पोचवणाऱ्या कर्नेलच्या भागाचं, अज्ञान. व्हीलॅन म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. मार्च २०२०मध्ये ५.६ या आवृत्तीत वायरगार्ड आलं, तेव्हा उपकरण घडवण्यासाठी नवं दार पाडावं लागलं नाही. ‘वायरगार्ड’ हे नाव नोंदवलं आणि आयपी लिंक ॲड ही जुनीच कमांड ते उपकरण घडवू लागली. वायरगार्डच्या कर्त्यांनी आणखी एक शहाणा निर्णय घेतला. किल्ल्या आणि पलीकडच्या जोडीदारांची यादी त्यांनी जन्माच्या संदेशात कोंबली नाही, त्यासाठी जेनेरिक नेटलिंकची वेगळी वाट ठेवली. जोडीदार कितीही असू शकतात आणि उपकरण चालू असताना बदलत राहतात, मग जन्माचा संदेश त्यांच्या ओझ्याखाली का दाबायचा?

खासगी मजकुराची ही जागा किती ताणली जाऊ शकते, ते व्हीईथमध्ये दिसतं. २००८च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२४मधलं हे उपकरण नेहमी जोडीनं जन्मतं. एका टोकात घातलेलं पॅकेट दुसऱ्या टोकातून बाहेर पडतं. डॉकरसारख्या व्यवस्था साधारणपणे कंटेनरला बाहेरच्या जगाशी जोडतात ते याच जोडीनं, एक टोक यजमानाच्या बाजूला आणि एक कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये. आता समजा, दोन टोकं दोन संदेशांनी मागायची असती. पहिलं घडलं आणि दुसरं फसलं, तर मधल्या अर्ध्या जोडीचं काय करायचं? म्हणून व्हीईथच्या खासगी मजकुरातच दुसऱ्या टोकाचं पूर्ण वर्णन बसवलं आहे. त्यात त्याचा स्वतःचा मथळा, स्वतःचं नाव आणि स्वतःचा नेमस्पेससुद्धा देता येतो. कर्नेल आधी जोडीदाराची नोंद करतो, मग मूळ उपकरणाची, आणि दुसरी नोंद फसली तर पहिलीही रद्द करतो. बाहेरून पाहणाऱ्याला एकतर जोडी मिळते, नाहीतर काहीच नाही.

नावाचाही असाच विचार आहे. नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, आणि यंत्रावर शेकडो कंटेनर असले की कोणतं मोकळं आहे ते प्रोग्रॅमनं आधी पाहून मग मागणं धोक्याचं. पाहणं आणि मागणं यांच्या मध्ये दुसरा कुणी तेच नाव घेऊन जातो. म्हणून नुसता नमुना देता येतो आणि क्रमांक कर्नेल स्वतःच, आरटीएनएल हे लॉक हातात असताना, ठरवतो. पण कित्येक वर्षं कर्नेल उत्तरात एवढंच सांगे की काम झालं. कोणतं नाव मिळालं हे कळण्यासाठी पुन्हा वेगळी चौकशी करावी लागे. मागणी करणाऱ्याला त्याची वस्तू त्याच उत्तरात ओळखता यावी, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून हवी होती असं माझं ठाम मत आहे.

त्याच लॉकची आणखी एक गाठ बराच काळ मॉड्यूल लोड करताना पडत असे. मागितलेला प्रकार माहीत नसेल तर कर्नेल त्या नावाचं मॉड्यूल शोधून लोड करू पाहतो. पण मॉड्यूल सुरू होताना स्वतःची नोंद करायला त्यालाही तेच लॉक लागे. म्हणून कर्नेल लॉक सोडे, मॉड्यूल आणवे, लॉक पुन्हा घेई आणि संदेश पहिल्यापासून तपासे. मधल्या काळात जग बदललेलं असू शके, आधीचा तपास ग्राह्य धरून चालत नसे.

आता या इंटरफेसची सर्वांत महाग पडलेली सैल जागा. अनोळखी गुणधर्म आला तर जुनं नेटलिंक त्याकडे मुकाट दुर्लक्ष करत असे. हेतू उदार होता: नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नेलवरही चालावा. परिणाम काय झाला पाहा. व्हीलॅनला टॅगचा प्रकार सांगणारा गुणधर्म २०१३मध्ये ३.१० या आवृत्तीत मिळाला. छापील अर्जाला जे जमलं नाही ते इथे जुन्या कुणालाही न दुखावता झालं, हे या रचनेचं मोठं यश. पण हीच मागणी घेऊन नवा प्रोग्रॅम त्याआधीच्या कर्नेलकडे गेला, तर कर्नेल तो गुणधर्म सोडून देतो, साधा ८१००चा व्हीलॅन घडवतो आणि यश कळवतो. पलीकडचा स्विच ८८ए८ची वाट पाहत बसतो. कुठेही चूक नोंदली जात नाही, नेटवर्क सांभाळणारा माणूस केबलपासून स्विचपर्यंत सगळं तपासतो, आणि दोष असतो एका खोट्या होकारात. नकार मिळाला असता तर प्रोग्रॅमला दुसरी वाट शोधता आली असती. २०१९मध्ये ५.२पासून नव्या गुणधर्मांसाठी तपास कडक झाला. जुन्यांना मात्र तीच सैल वागणूक चालू ठेवावी लागली, कारण त्या सैलपणावर विसंबलेले प्रोग्रॅम मोडले असते.

नकार देतानाही कारण सांगायला कर्नेल उशिरा शिकला. बराच काळ उत्तरात फक्त त्रुटीचा क्रमांक यायचा. ‘अवैध मागणी’ एवढ्या एका क्रमांकामागे अनेक वेगवेगळी कारणं लपलेली असत. २०१७मध्ये ४.१२ या आवृत्तीत उत्तरासोबत शब्दांत कारण आणि नेमका कुठला गुणधर्म खटकला हे जोडण्याची सोय आली.

त्या सोयीचा एक चांगला उपयोग टन-टॅप या उपकरणात झाला आहे. टनमधून जाणारी पॅकेटं एखाद्या प्रोग्रॅमच्या हाती पडतात. ओपनव्हीपीएन किंवा क्यूईएमयू त्याचा असाच वापर करतात. हे उपकरण एका उघडलेल्या फाइलशी बांधलेलं असतं, आणि ते टिकाऊ म्हणून मुद्दाम राखलं नसेल तर फाइल बंद होताच नाहीसं होतं. नेटलिंकच्या संदेशासोबत अशी कुठलीही फाइल येत नाही, मग त्या वाटेनं घडवलेल्या टनचा धनी कोण? कर्नेलनं इथे एकसारखेपणाचा हट्ट धरला नाही. ‘टन’ हा प्रकार नोंदलेला आहे, त्याची माहिती विचारली तर मिळते. घडवायला सांगितलं तर मात्र स्पष्ट शब्दांत उत्तर येतं, की या मार्गानं टन-टॅप घडवता येत नाही.