पिंपळपानाची जाळी

पिंपळाचे पान पाण्यात भिजत घालून त्याची जाळी होण्याची वाट ज्याने लहानपणी पाहिली नाही, असा माणूस विरळाच. काही आठवड्यांत हिरवा गर कुजून जातो आणि उरतो तो शिरांचा सांगाडा. लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य शिरांतही असते. ते लवकर कुजत नाही. ही जाळी आपण रंगवतो, पुस्तकात जपून ठेवतो. पण झाडाला ती कशासाठी लागते?

शिरांचे काम दुहेरी असते. मुळांनी शोषलेले पाणी त्या पानभर पोहोचवतात आणि पानात तयार झालेली साखर झाडाकडे नेतात. केळीच्या पानात मधल्या दांड्यापासून निघालेल्या शिरा समांतर कडेपर्यंत जातात. वाऱ्याने पान फाटते तेही त्याच ओळीने, आणि दांड्याला धरून राहिलेली प्रत्येक पट्टी हिरवीच राहते. आंबा, जास्वंद, पिंपळ यांच्या शिरा मात्र फाटे फुटत फुटत पुन्हा एकमेकींना मिळतात. एकदल वनस्पतींच्या शिरा समांतर आणि द्विदलांच्या जाळीदार, असे आपण शाळेत शिकलो. पण अळू एकदल असूनही जाळीदारच! वड्यांसाठी पाने निवडताना गृहिणींनी एखादे उजेडासमोर धरून पाहावे.

आता, पाणी पोहोचवायला झाडाच्या फांद्यांसारखे नुसते फाटेही पुरले असते. मग शिरा पुन्हा जोडण्याचा हा खटाटोप कशाला?

अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात एलेनी कॅटिफोरी व मार्सेलो मॅग्नास्को यांनी या प्रश्नाचा विचार केला. २०१० साली त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. लिंबाच्या पानाच्या मधल्या शिरेवर भोक पाडून त्यांनी देठातून चमकणारा रंग आत जाऊ दिला. रंग भोकापाशी अडला नाही. बाजूच्या बारीक शिरांतून वळसा घालून तो पुढे गेला. मूळच्या चीनमधील गिंको वृक्षाच्या शिरा हंसराजाच्या पानातल्यासारख्या दुभंगत जातात, पण बहुधा पुन्हा जुळत नाहीत. त्या पानात भोकाच्या पुढचा भाग रंगावाचून राहिला. पानाला इजा होणारच असे गृहीत धरून गणित मांडले, तेव्हाही उत्तर जाळीचेच आले.

सुटीत मुलांना अंगणातल्या जास्वंदीचे अळीने कुरतडलेले पान दाखवा. भोकाच्या पलीकडेही ते हिरवेगार असते. मधली वाट तुटली, तरी पाणी तेथे आडवाटेने येतच असते.