आधी फोटो बघ

रोडपालीतल्या भाड्याच्या खोलीत रात्रीचे अकरा वाजून गेलेत. लॅपटॉपवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या ठिपक्यांची नक्षी आहे आणि प्रोग्रॅमने हात वर केलेत. ठिपक्यांवरून स्फटिकाची मापं काढणं त्याला जमत नाही. पलंगावर बसलेली पीएचडीची धाकटी विद्यार्थिनी म्हणते, “ताई, कालच्या सेटचे आकडे तरी बरे आलेत.” ताई मान वर न करता म्हणते, “आकडे नंतर. आधी फोटो दाखव.”

रोडपाली, कळंबोली आणि खारघर ही पनवेल महापालिकेतली शेजारची नावं. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए१सारख्या प्रथिनांच्या रचनेचा तिथे अभ्यास चालतो. त्यामुळे या भागातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये असा लॅपटॉप दिसला तर फारसं नवल नाही.

लॅपटॉपवरचं चित्र म्हणजे प्रथिनाच्या स्फटिकातून विखुरलेले क्ष-किरण. स्फटिक बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. तो थोडाथोडा फिरवत शेकडो चित्रं घेतात, प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजतात आणि त्या हजारो आकड्यांतून रेणूचा आकार उभा करतात. चित्रं प्रयोगशाळेतल्या यंत्रावर घेता येतात. स्फटिक फारच बारीक असेल तर सिंक्रोट्रॉन गाठावा लागतो. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राने खास या कामासाठी बीमलाइन उभारली आहे.

ताई चित्रात पहिल्यांदा वलयं शोधते. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ ॲंगस्ट्रॉमवर गोल पट्टे दिसले की समजायचं, बर्फ. स्फटिक नायलॉनच्या चिमुकल्या फासात उचलून उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरलेला असतो. पावसाळ्यात नवी मुंबईची हवा इतकी दमट असते की झोताची दिशा जरा चुकली तरी फासावर बाहेरून हिम जमतं. ते द्रव नायट्रोजनने धुऊन काढता येतं. मात्र स्फटिकाभोवतीच्या थेंबातल्या पाण्याचाच बर्फ झाला असेल, तर धुऊन काही होत नाही. मग दुसरा स्फटिक घ्यायचा, थेंबात बर्फ होऊ न देणारं ग्लिसरॉल वाढवायचं आणि नव्याने गोठवायचं. दोन्ही प्रकारांत चित्र जवळजवळ सारखंच दिसतं. म्हणून ताई आधी कॅमेऱ्यातून फासाकडे बघते. थेंब काचेसारखा स्वच्छ आहे की दुधट, हे तिथे चटकन कळतं.

आजची अडचण वेगळीच निघते. ठिपके नीट आहेत, वलयं नाहीत, तरी इंडेक्सिंग, म्हणजे मापं काढून प्रत्येक ठिपक्याला क्रमांक देणं, होत नाही. ताई किरणाच्या मध्यबिंदूचे आकडे तपासते. फाइलमध्ये लिहिलेला मध्य आणि प्रत्यक्षातला मध्य यांत थोडासा फरक आहे. हा दोष फसवा असतो. स्फटिकाची एक बाजू लांब असली की ठिपके दाटीवाटीने पडतात. मध्य एका ओळीने सरकला तर प्रोग्रॅम कधी अडतो, तर कधी बिनतक्रार पुढे जातो आणि प्रत्येक ठिपक्याला शेजाऱ्याचा क्रमांक देतो. जे ठिपके सममितीने सारखे असायला हवेत, ते मग एकमेकांशी जुळेनासे होतात. मध्य दुरुस्त केल्यावर काम पटकन मार्गी लागतं.

आता धाकटीचा ‘बरा’ सेट. तिने आर-मर्जचा, म्हणजे एकाच ठिपक्याच्या मोजमापांमधली तफावत सांगणारा आकडा दाखवला होता. या आकड्याने पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांना उगाच घाबरवलं आहे. एकच ठिपका जास्त वेळा मोजला की सरासरी सुधारते, पण आर-मर्ज मात्र वाढतो. २०१२ मध्ये कार्प्लस आणि डीडरिक्स यांनी ‘सायन्स’मध्ये मोजमापांचे दोन अर्धे भाग एकमेकांशी किती जुळतात, हे बघण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून पूर्वी फेकून दिली जाणारी कडेची क्षीण मोजमापंही उपयोगात येऊ लागली. तिचा आर-मर्ज खरोखरच कमी होता. ताईचं बोट मात्र दुसऱ्याच ओळीवर थांबलं. तीव्रतेच्या वर्गाची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग हे गुणोत्तर साध्या स्फटिकात २ च्या आसपास असतं. इथे ते १.५ कडे झुकलं होतं. म्हणजे जुळा स्फटिक. दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांनी एकात एक वाढलेले आणि त्यांचे ठिपके एकमेकांवर बेमालूम बसलेले. चित्र देखणं, आकडे देखणे आणि सममिती असायला हवी त्यापेक्षा जास्त.

प्रथिनाच्या अंगातच सममिती असेल तर हा घोळ आणखी वाढतो. एचआयव्हीचं प्रोटिएज ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांचं असतं. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर यांच्या गटाने या दोन साखळ्या एकमेकींना जोडलेल्या रूपाची १.९ ॲंगस्ट्रॉमची रचना २००१ मध्ये प्रसिद्ध केली. अशा रेणूत रेणूची सममिती कुठे संपते आणि स्फटिकाची कुठे सुरू होते, हे ठरवताना फार जपून पावलं टाकावी लागतात.

आणि मोजमापं निर्दोष असूनही उत्तर उलटं येऊ शकतं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या जेफ्री चांग यांनी २००१ मध्ये एमएसबीए या प्रथिनाची रचना ‘सायन्स’मध्ये छापली. सप्टेंबर २००६ मध्ये झुरिकच्या डॉसन आणि लोकर यांनी एसएव्ही१८६६ या नातलग प्रथिनाची रचना छापली, तेव्हा दोन्ही रचनांचा मेळ बसेना. चांग यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमने आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती, त्यामुळे रेणूची डावी-उजवी बाजू उलटली. ४.५ ॲंगस्ट्रॉमच्या धूसर नकाशात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाच लेख मागे घ्यावे लागले. लबाडी नव्हती, एका जुन्या प्रोग्रॅमवरचा विश्वास होता.

रचनेबरोबर मोजलेल्या तीव्रताही प्रोटीन डेटा बँकेत जमा करणं २००८ पासून सक्तीचं आहे. मूळ चित्रं ठेवायची की नाही, हे मात्र बऱ्याच ठिकाणी अजून संशोधकाच्या मर्जीवर आहे. ताई ती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवते. जुळ्या स्फटिकाचा सेट तिने डिलीट करू दिला नाही. धाकटीला तिने ट्रेमधल्या क्षारांचं प्रमाण आणि तापमान बदलून नवे थेंब लावायला सांगितलंय. तोवर याच चित्रांवरून सममिती एक पायरी खाली आणून पुन्हा प्रक्रिया करायची आहे.