तीन तोळे आणि अख्खं भंडारदरा

भंडारदरा धरण काठोकाठ भरलं की त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ३१ हजार कोटी लिटर पाणी असतं. त्या सगळ्या पाण्यात तीन तोळे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, पूड एकसारखी मिसळली तर ती कुणाला सापडेल? उंदराच्या पोटातल्या पिल्लाला सापडते.

फ्रेडरिक व्हॉम साल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली गाभण उंदरांना इस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक दिलं. नर गर्भांच्या रक्तातलं मोकळं इस्ट्रॅडिऑल दर मिलिलिटरला ०.२१ पिकोग्रॅमवरून ०.३१ वर गेलं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. वाढ ०.१ ची, भंडारदऱ्यात तीच वाढ करायला ते तीन तोळे पुरतात. हे नर मोठे झाले तेव्हा त्यांची प्रोस्टेट ग्रंथी ३० टक्क्यांनी मोठी भरली. अमेरिकेत गरोदर बायकांना १९७१ पर्यंत सर्रास लिहून दिलं जाणारं डीईएस हे औषध अशाच गाभण उंदरांवर तपासलं, तेव्हा दिवसाला दर ग्रॅम वजनामागे ०.०२ नॅनोग्रॅमनेही ग्रंथी वाढली आणि त्याच्या दहा हजार पट मात्रेने उलट घटली. काही प्रयोगशाळांना कमी मात्रेचे असे परिणाम पुन्हा दिसले नाहीत, वाद झाला. पण जास्त मात्रा तपासून कमी मात्रा निर्धोक ठरवणं मला पटत नाही.

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात डांगी गाय पाळणाऱ्याला गर्भावरच्या संप्रेरकांच्या परिणामाचं एक उदाहरण गोठ्यातच भेटू शकतं, आणि तिथे औषध लागतच नाही. गाईला गोऱ्हा आणि कालवड असं जुळं झालं, की दहातल्या नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. सुरुवातीच्या आठवड्यांतच दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात, गोऱ्ह्याची संप्रेरकं बहिणीच्या अंगात जातात आणि तिचं गर्भाशय, बीजांडकोश नीट घडतच नाहीत. शिकागोच्या फ्रँक लिली यांनी १९१७ साली हे उलगडलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन कुणी पाहिलंही नव्हतं. ते १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये वेगळं केलं गेलं: बैलांच्या १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम.

अशी कालवड बाहेरून धडधाकट दिसते. म्हणून ती माजावर येईल या आशेवर दोन-तीन वर्षं चारा घालत बसू नये. महिन्याच्या आतच पशुवैद्याला दाखवावी. बोथट नळी योनिमार्गात निरोगी कालवडीत १३ ते १५ सेंटिमीटर जाते, हिच्यात ५ ते ८ वरच अडते.