तांदळाच्या कणीएवढा शेतकरी

श्रीलंकेच्या चहामळ्यात पोखरलेली फांदी मोडली, की मोडल्या जागी टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. आत बोगदा, बोगद्याच्या भिंतीवर बुरशीचा पातळ थर आणि त्या थरावर पोसणाऱ्या अळ्या. हा भुंगेरा लाकूड खात नाही, लाकडात शेती करतो. बुरशीचे बियाणे मादी स्वतःच्या अंगातल्या पिशवीत घालून आणते. योझेफ श्मिडबेर्गरने 1836 मध्ये या थराला ग्रीक देवांच्या अन्नाचे, 'अँब्रोझिया'चे नाव दिले. ती बुरशी आहे हे 1844 मध्ये थेओडोर हार्टिगने ओळखले.

आशियाच्या उष्ण जंगलांत अशा बुरशी पिकवणाऱ्या भुंगेऱ्यांचे एक फार मोठे कूळ आहे, झायलेबोरिनी. त्यात नर थोडे, खुजे आणि उडता न येणारे. बहिणी बिळातच भावांशी जुळतात आणि मग बाहेर पडतात, म्हणून परक्या देशात एकच मादी पोचली तरी वसाहत उभी राहते. नर क्वचितच हाती लागत असल्याने ओळख पटवायची ती मादीवरूनच: पंखकवचाचा मागचा उतार, त्यावरचे दाणे आणि केस, शृंगिकेचा गेंद, पुढच्या पायांचे दाते. एगर्स आणि शेडल या कीटकशास्त्रज्ञांनी शेकडो जाती नोंदवल्या, पण एकाच जातीला अनेक नावे पडल्याचेही पुढे उघड झाले. स्मिथ, बीव्हर आणि कॉग्नाटो यांनी 2020 मध्ये इंडोचायना आणि चीनमधल्या 300हून अधिक जाती एका ग्रंथात मांडल्या. त्यांतल्या 60हून अधिक विज्ञानाला नव्या होत्या. माझ्या मते या विषयातले अलीकडचे सर्वांत मोलाचे काम हेच.

नावाचा घोळ किती महाग पडतो, ते 'युवॅलेशिया फॉर्निकेटस'ने दाखवले. आयखॉफने 1868 मध्ये श्रीलंकेच्या नमुन्यावरून हे नाव दिले आणि पुढे चहाच्या किडीला तेच चिकटले. 2003 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात सापडलेला भुंगेराही तोच मानला गेला. 2012 मध्ये तिथली अव्हाकाडोची झाडे वाळताना आढळली. डीएनए तपासल्यावर कळले, की दिसायला सारख्या, पण वेगवेगळ्या चार जाती एका नावाखाली नांदत आहेत. जुना मूळ नमुना पुन्हा मोजल्यावर 2019 मध्ये निवाडा झाला: फॉर्निकेटस हे नाव कॅलिफोर्नियात झाडे मारणाऱ्या जातीचे. चहाची कीड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन जातींच्या वाट्याला पर्ब्रेव्हिस आणि फॉर्निकॅटिअर ही नावे आली. शंभर वर्षांच्या लिखाणात 'फॉर्निकेटस' म्हणजे नेमकी कोणती जात, हे आता प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावे लागते.

हे आपल्यापासून दूरचे नाही. नाशिक-सोलापूरच्या डाळिंब बागांत 'शॉट होल बोरर' म्हणतात तो याच कुळातला, आणि मर रोगाच्या चर्चेत त्याचे नाव हमखास निघते. तो लाकूड खात नाही, त्यामुळे खोडावर मारलेले औषध त्याच्या पोटात जाईलच असे नाही. प्रत्येक जातीची बुरशीही वेगळी असू शकते. म्हणून आधी जात कळायला हवी.

बागाईतदारांना एक विनंती. भोकाशी बारीक भुसा दिसला, तर फांदी जाळण्याआधी चिरून चारसहा भुंगेरे स्पिरिटच्या बाटलीत ठेवा. चिठ्ठीवर झाड, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. ती बाटली जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात पोचवा.