तीन बाइटांत पासष्ट हजार इंटरनेट

इंटरनेटची रूढ पत्तापद्धत, आयपीव्ही४, ३२ बिटांची आहे. तिच्यातून साऱ्या जगासाठी मिळून पत्ते निघतात ४,२९,४९,६७,२९६. जगात माणसंच याच्या जवळजवळ दुप्पट आहेत, यंत्रांचं तर विचारूच नका.

म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजाने काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. त्यांतला सर्वांत मोठा गट १० ने सुरू होतो आणि त्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत, म्हणूनच आपापल्या नेटवर्कमध्ये ते कुणीही वापरावेत.

क्लाउडचा बराचसा पसारा या खासगी पत्त्यांवरच उभा आहे. तुमच्या डेटाबेसचा पत्ता १०.०.०.४ असेल, तर त्याच इमारतीतल्या दुसऱ्या ग्राहकाच्या सर्व्हरचाही तोच असू शकतो; प्रत्येक सोसायटीत फ्लॅट नंबर १०१ असतो तसा. दोघांचाही डेटा एकाच तारेवरून धावतो. मग सरमिसळ का होत नाही?

पूर्वी नेटवर्कं वेगळी ठेवायला ‘व्हीलॅन’चा १२ बिटांचा क्रमांक होता. त्यात वापरता येणारी नेटवर्कं ४,०९४. पाच हजार ग्राहक आले की क्रमांक संपले! ऑगस्ट २०१४ मध्ये ‘व्हीएक्सलॅन’ या नव्या पद्धतीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि क्रमांक २४ बिटांचा झाला. बिट दुप्पट झाले, नेटवर्कं मात्र चार हजारांहून जास्त पटींनी वाढून १,६७,७७,२१६ वर गेली.

प्रत्यक्षात घडतं ते इतकंच: १,५०० बाइटांचं पॅकेट निघताना त्याभोवती साधारण ५० बाइटांचं वेष्टण चढतं. त्यातले फक्त तीन बाइट, म्हणजे तेच २४ बिट, सांगतात, हे पॅकेट कोणत्या नेटवर्कचं. पलीकडे वेष्टण उतरतं आणि पॅकेट त्याच नेटवर्कमधल्या सर्व्हरला मिळतं.

आता गुणाकार करा. १.६८ कोटी नेटवर्कं, प्रत्येकात १.६८ कोटी पत्ते: सुमारे २८१ लाख कोटी. आयपीव्ही४चं अख्खं इंटरनेट यात ६५,५३६ वेळा मावतं!

हे गणित कागदावरचं खरं, पण तारांवरची वाहतूकही त्याच तोलाची आहे. गुगलने २०१५ मध्ये सांगितलं, की त्यांच्या एका डेटा सेंटरच्या आतलं नेटवर्क सेकंदाला एक पेटाबिट वाहून नेऊ शकतं. म्हणजे एक लाख सर्व्हर एकाच वेळी प्रत्येकी १० गिगाबिट वेगाने एकमेकांशी बोलू शकतात. या बोलण्यातलं बरंचसं इंटरनेटवर कधी येतच नाही, आणि ते तसंच असायला हवं. बँकेच्या खात्यांचा किंवा रुग्णालयाच्या नोंदींचा डेटाबेस जगाला दिसणाऱ्या पत्त्यावर ठेवण्याचं काही कारणच नाही. आत जागेची टंचाई नाही.